दौंड की शिरूर

रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये निम्म्या सीट रिकाम्या असल्या तरी सोपानआप्पा उभेच. "बसलो की उठायचं टेन्शन," म्हणायचे. शिरूरपासून गेटपर्यंत दांडा धरून, डोळे मिटून. पॅकिंगला आम्ही दोघं एकाच टेबलावर, त्यामुळं त्यांच्या कमरेचा रोजचा अहवाल मला तोंडपाठ झाला होता.

इलाज दोन होते. दौंडला एक कायरोप्रॅक्टर, मणके दाबून जागेवर बसवणारा. "कडाक् वाजलं, आन् मी ताठ!" असं आप्पा सोमवारी सांगायचे. बुधवारी परत वाकडे. शिरूरला फिजिओथेरपीच्या मॅडम. त्या व्यायाम द्यायच्या. "मांजरावानी पाठ वर करा म्हणत्यात. पन्नाशीच्या माणसानं मांजर व्हायचं व्हय?"

कुणाकडं जावं, हे त्यांनी सुपरवायझरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, फोर्कलिफ्टवरच्या बिहारी यादवला हिंदीत विचारलं. चार महिने निकाल नाही. शेवटी मला म्हणाले, "चला राव माझ्यासंगं, तुम्हीच ठरवा." ऐकून ऐकून मीही थकलो होतो. शिफ्ट सुटल्यावर गेलो शिरूरला.

मॅडमनी पाठ दाबून पाहिली. "आप्पा, घरी जड काय उचलता?"

"काय न्हाई."

"खरं सांगा. त्याशिवाय एवढी धरत नाही."

आप्पा फरशीकडं बघत म्हणाले, "मंडळीला. दोन वर्सं झाली, अर्धांग गेलंय तिचं. सकाळ-संध्याकाळ उचलावं लागतं. म्हणून तर म्हंतो, झटक्यात मोकळं करा. व्यायामाला टाइम कुठंय?"

"घरी कसंय?" विचारलं की हा माणूस मला रोज "निवांत हाय" म्हणायचा.

मॅडमनी मला कॉटवर आडवं व्हायला सांगितलं. "ह्या तुमच्या मिसेस समजा. उचला."

मला हसू येत होतं. आप्पांना नाही. "कमरेतून वाकू नका," मॅडम सांगत होत्या, "आधी कडेला घ्या. गुडघे वाकवा. अंगाशी धरा." दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा अलगद उठवून बसवलं त्यांनी मला. दौंडचा विषय तिथंच संपला.

माझा हात अंगाखाली अडकला होता. तो त्यांनी हळूच सोडवून मांडीवर ठेवला.

"लागलं का गं?"

"न्हाई," मी म्हणालो.