हमीदभाईंची जपानी वाइंडिंग

ढाणकीच्या बाजारात हमीदभाईंकडे जळालेली मोटार दुरुस्तीला टाकली, की ते पावती देत नाहीत, एक जपानी शब्द देतात. मोटार परत न्यायला गेलं, की तो शब्द अर्थासकट म्हणून दाखवायचा. आला, तर मोटार उचला. नाही आला, तर दारातल्या स्टुलावर बसा आणि आठवा.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. किती पोरं बाकावर उभी केली त्याची गणती नाही. निवृत्तीनंतर शेतातल्या विहिरीवरची मोटार जळाली आणि ते सगळं फिटलं. माझा शब्द होता 'मिझु', म्हणजे पाणी. घरून निघताना पाठ होता. दुकानात पोचेपर्यंत पाणी राहिलं आणि मिझु गेला.

"अर्थ येते, शब्द नाई येत," हमीदभाई चष्म्यावरून बघत म्हणाले. "सर, मंग अर्धेच मार्क भेटतीन."

हे वाक्य माझंच. त्यांची मुलगी शाहीन सातवीत असताना मी तिला ते ऐकवलं होतं. बापानं ते इतकी वर्षं सांभाळून ठेवलं असेल, याची मला कल्पना नव्हती. मी अर्धा तास स्टुलावर बसलो.

हमीदभाई वाइंडिंगवाले. म्हणजे मोटारीतली जळालेली तांब्याची तार काढून नवी भरणारे. साठी ओलांडली आहे, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिच्या जागी मोटारीचीच तार. आमच्याकडे विजेचा दाब कधी वर तर कधी खाली, त्यामुळे हरभरा-गव्हाच्या दिवसांत त्यांच्या दारात मोटारींची रांग लागते. जगाकडे ते याच धंद्याच्या नजरेनं बघतात. कोणाचं लग्न मोडलं, तर म्हणतात, "अर्थिंग नव्हती." कोणी उगाच बडबड करायला लागला, तर म्हणतात, "हा बिनलोडचा फिरून राह्यला." आणि शब्द पाठ करण्याचा त्यांचा मंत्र एकच, "वार्निश मारा." नवी तार भरली, की ती वार्निशमध्ये बुडवून वाळवतात, मग ती जागची हलत नाही. शब्दाचंही तसंच, असं त्यांचं म्हणणं.

"नुसता गुंडाळून काय फायदा, सर? दहा डाव म्हणा. वार्निश मारा."

आता ढाणकीत जपानी कुठून आली, ते सांगतो. शाहीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई तिची लहानपणीच गेली. यवतमाळला नर्सिंग केलं, मग नागपूरला वर्षभर जपानी शिकली, आणि मागच्या वर्षी जपानमधल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला गेली. तीन वर्षांचा करार. गावानं तिच्या जाण्याचे पेढे खाल्ले, मीही दोन खाल्ले.

महिन्याभरात तिचा फोन आला, "अब्बा, मैं वापस आती." परीक्षेतले शब्द तिला सगळे येत होते. पण खाटेवरची म्हातारी समोर काही मागायला लागली, की हिचं डोकं कोरं. थंडी वाजतेय म्हणून एक आजी रडत होती आणि हिनं तिला पाणी नेऊन दिलं. मग दोघी रडल्या.

दुसरा कोणी बाप असता तर म्हणाला असता, धीर धर, किंवा म्हणाला असता, ये परत. हमीदभाई म्हणाले, "मले दहा शब्द पाठव. उद्यापासून म्हातारी मी."

आणि खरोखर ते म्हातारी झाले. रोज सकाळी सात वाजता, तिकडे साडेदहा वाजून तिची कामाची मधली सुट्टी असते तेव्हा, हमीदभाई खाटेवर आडवे होत, फोन छातीवर ठेवत आणि कण्हत. "सामुई," म्हणजे थंडी वाजते. "इताई," म्हणजे दुखते. पलीकडून शाहीननं जपानीत विचारायचं, कुठं दुखतं, पांघरूण देऊ का. पहिल्या दिवशी हे कण्हणं इतकं झकास झालं, की शेजारच्या खालाजान गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आल्या. हमीदभाईंनी खाटेवरूनच त्यांना हातानं थांबवलं आणि आणखी मोठ्यानं "इताई" केलं. त्या बिचाऱ्या डॉक्टर बोलवायला निघाल्या होत्या.

अडचण एकच होती, हमीदभाईंच्या डोक्यात शब्द टिकत नसत. सकाळी पाठ केलेला दुपारी गायब. पोरीला शिकवायचं म्हणजे आधी आपल्याकडे शब्द पाहिजे, आणि आपलं डोकं तर जळालेलं, असा विचार करून त्यांनी तोडगा काढला. एकेक शब्द एकेका गिऱ्हाइकाकडे ठेवायला दिला.

"माह्या एकट्याच्या डोक्यात नाई राहत, सर. गावच्या डोक्यात तं राहीन," ते म्हणाले. त्यांच्यापुरता हा हिशेब चोख होता.

मग आमच्या पंचक्रोशीत जपानीचं पीक आलं. पिठाची गिरणी चालवणाऱ्या सुमनबाईंना मिळाला 'ओइशी', म्हणजे चवदार. त्या दळण घ्यायला आलेल्या बायांना तो शिकवायच्या आणि त्या बाया घरी वरणाला ओइशी म्हणायच्या. नामदेवरावांना मिळाला 'नेको', म्हणजे मांजर. माणूस तालेवार, वीस एकरांचा धनी, पण नेको काही तोंडात बसेना. स्टुलावर बसून तासाभरानं त्यांनी बायकोला फोन लावला.

"अवो, तो मांजराचा शब्द काय होता वो?"

"नेको," बायको पलीकडून म्हणाली. "अन् काहून लागला तो तुमाले? कुठं बसले तुमी?"

हमीदभाईंनी मोटार दिली, पण मार्क बायकोच्या नावावर टाकले.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली आणि ती अजून ऐकवली जाते. वाइंडिंगमध्ये तारेचे वेढे मोजावे लागतात. एक कमी-जास्त झाला तर मोटार पुन्हा जळते. हमीदभाई हे वेढेही जपानीत मोजू लागले, "इची, नी, सान, शी, गो..." पण त्यांना येत होतं दहापर्यंतच. म्हणून दर दहा वेढे झाले, की ते बशीत एक फुटाणा टाकत. मी शेजारी बसलो होतो. माझीच मोटार भरली जात होती. बशी समोर, फुटाणे खमंग, गप्पा रंगलेल्या. थोड्या वेळानं हमीदभाईंनी बशीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"सर," ते शांतपणे म्हणाले, "किती खाल्ले?"

मला सांगता येईना. त्यांनी सगळी तार उलगडली आणि पुन्हा इचीपासून सुरुवात केली. तेव्हापासून माझ्यासाठी वेगळी बशी असते.

बाजाराच्या एका दिवशी दुकानात आम्ही चौघं होतो. हमीदभाई, मी, सुमनबाई आणि नामदेवराव. साडेअकराच्या सुमारास शाहीनचा व्हिडिओ कॉल आला. अवेळी फोन म्हणून हमीदभाईंनी हातातली तार टाकून तो उचलला. तिथं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिची कामाची वेळ.

"अब्बा, वो थंडीवाली आजी दो दिन से कुछ खा नहीं रही," शाहीन म्हणाली. "किसी की नहीं सुनती. मैंने बताया, मेरे अब्बा आप बनते हैं रोज. तो उसको आपको देखना है. कुछ बोलो."

पडद्यावर एक सुरकुतलेला, एवढासा चेहरा आला. डोळे मिटल्यासारखे, ओठ घट्ट.

हमीदभाईंनी तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. वर्षभर रोज म्हातारी झालेला माणूस खऱ्या म्हातारीपुढे गप्प झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदाच कळलं, की बाकावर उभ्या केलेल्या पोराला कसं वाटत असेल.

"मिझु," मी पुढे वाकून म्हणालो आणि टेबलावरचा पाण्याचा गडवा उचलून पडद्यासमोर धरला.

म्हातारीचे डोळे किलकिले झाले. नामदेवरावांना राहवेना. ते "नेको" म्हणाले, आणि दुकानात मांजर नसल्यामुळे स्वतःच म्याँव केलं. वीस एकरांच्या धन्याचं म्याँव ऐकून बाहेरचा भाजीवाला आत डोकावला. तोवर सुमनबाईंनी नामदेवरावांची शिदोरी सोडली होती. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून त्यांनी तोंडात टाकला, डोळ्यांत पाणी आलं तरी मान डोलवली आणि म्हणाल्या, "ओइशी, आजी. लय ओइशी."

म्हातारी हसली. एकही दात नव्हता तिला. तिनं शाहीनच्या हातातला चमचा बघितला आणि तोंड उघडलं.

हमीदभाईंचा आवाज तेव्हा परत आला. "ओइशी," ते म्हणाले, "ओइशी, ओइशी," आणि ती चमचा संपवेपर्यंत म्हणतच राहिले. फोन बंद झाल्यावर त्यांनी त्या दिवशी कोणालाच स्टुलावर बसवलं नाही.

शाहीन आता तरबेज झाली आहे. सकाळच्या सरावाची तिला गरज उरली नाही, त्यामुळे फोन आठवड्यातून दोनदाच येतो. "बरं झालं, पोरगी शिकली," असं हमीदभाई म्हणतात. जरा जास्तच वेळा म्हणतात. सात वाजता अजूनही खाटेवर आडवे होतात, असं खालाजान सांगत होत्या.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. "संध्याकाळी या, सर. एक काम हाय."

घर दोन खोल्यांचं, पुढे छोटं अंगण. भिंतींना ताजा चुना, शाहीनच्या खाटेवर नवी चादर. ती पुढच्या महिन्यात पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येणार आहे.

"तिकडं रीत हाय," हमीदभाई सांगू लागले. "भायेरून घरी येणारा दारात म्हणते, 'तदाइमा.' म्हणजे आलो मी. अन् घरातल्यानं म्हणायचं, 'ओकाएरी.' म्हणजे आलीस का, ये. ती एक डाव फोनवर बोलली, अब्बा, खोलीवर आल्यावर मी तदाइमा म्हणतो अन् आत कोणीच नसते." त्यांनी नव्या चादरीची सुरकुती सारखी केली. "हे दोन शब्द मी गिऱ्हाइकाले नाई देल्ले, सर. हे मलेच पाठ पायजेत. ती येईन त्या दिवशी डोकं कोरं झालं तं?"

"मग सराव करा," मी म्हणालो.

"करून राह्यलो ना. भायेर जाऊन तिचा म्हणतो, मंग धावत आत येऊन माहा म्हणतो. गुडघे गेले माहे. तुमी भायेरचा घ्या."

मी हसलो आणि बाहेर गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं. मी चपला काढल्या, घसा साफ केला आणि माझ्या आयुष्यातला दुसरा जपानी शब्द म्हणालो, "तदाइमा."

आतून काही आलं नाही. मला वाटलं, विसरले. मास्तरकी हाडात मुरलेली, त्यामुळे हळूच सांगावं म्हणून मी दाराच्या फटीशी वाकलो. हमीदभाई शाहीनच्या खाटेला धरून उभे होते, पाठमोरे. चष्मा हातात होता आणि सदऱ्याच्या टोकानं ते डोळे पुसत होते. विसरले नव्हते. मी सरळ उभा राहिलो, काही पाहिलंच नाही असा.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "ओकाएरी."

आणि मग, "सर, अजून एक डाव म्हणा. वार्निश मारू."

मी पुन्हा चपला पायात घातल्या आणि अंगणाच्या फाटकापर्यंत मागे गेलो.