‘पुनवेचा पावणा’ : फॅट दोन पॉइंट एक

बोरी बुद्रुकच्या दूध संकलन केंद्रावर मी, दादाभाऊ, गेली एकोणीस वर्षं दुधाचं फॅट काढतो. एवढ्या काळात एकाही म्हशीने माझ्या आकड्याविरुद्ध तक्रार केलेली नाही. या निष्कलंक सेवेची दखल घेऊन ग्रामपंचायतीने मला प्रेक्षक अभिप्राय समितीचं सचिवपद बहाल केलं.

समिती नेमावी लागली ती भागुजीच्या रुपेशमुळे. लग्नांची शूटिंगं करता करता या पोराने तीन वर्षांत एक अख्खा सिनेमा काढला, ‘पुनवेचा पावणा’. शिनोली गावची एक मुलगी एका तरुणाच्या प्रेमात पडते आणि तो दर पौर्णिमेला लांडगा होतो, अशी गोष्ट. शनिवारी समाजमंदिरात सिनेमा दाखवायचा. लोकांना आवडला तर हाच धंदा करायचा, नाहीतर सोमवारपासून चाकणच्या कंपनीत जायचं, असं बापलेकात ठरलं होतं. भागुजी शब्दाला पक्का माणूस.

रुपेशचा अर्ज सरपंच भगवंतरावांनी दोनदा वाचला.

“सिनेमा चांगला हाय का?”

“लोक बघत्याल आन् सांगत्याल.”

“आन् वाईट निघाला मंग? सरकारी इमारतीत वाईट सिनेमा दावला म्हणून माझ्यावर येईल. आदी लोकांचा अभिप्राय आण.”

“बघितल्याबिगर अभिप्राय कसा देत्याल?”

भगवंतराव शांतपणे म्हणाले, “सिनेमा दावायला परवानगी लागते. मत द्यायला लागत न्हाई.”

कायद्याच्या दृष्टीने यात खोट काढायला जागा नव्हती.

पहिला प्रश्न मापाचा आला. निवृत्त शिक्षक कुंडलिक गुरुजी हे आसपासच्या दोन तालुक्यांतल्या व्हॉट्सअॅप गटांचे चित्रपट समीक्षक. त्यांनी पाचपैकी तारे द्यायचं सुचवलं. पण गावाला तारे कळत नाहीत, फॅट कळतं. साडेतीनच्या खाली गाईचं आणि सहाच्या खाली म्हशीचं दूध परत जातं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सिनेमाला गाईचं माप लावायचं की म्हशीचं, यावर दीड तास घमासान झालं. शेवटी सिनेमा प्रेमाचा असल्यामुळे तो गाईत धरण्यात आला.

सकाळी दूध घालायला रांग लागते, तिथेच मी अभिप्राय गोळा करायला बसलो. पोल्ट्रीवाला पप्पू पहिला आला.

“लांडगा अख्ख्या पिक्चरमदी एक कोंबडी खात न्हाई. काय बी दावत्यात. दीड फॅट लिवा.”

“तुला कसं कळलं?”

“पोस्टर बघा ना राव. तोंडाला एक पीस तरी हाय का?”

साक्षीदाराने पुरावा तपासला आहे, असा शेरा मी मारला.

ठमाबाईंचा आक्षेप त्याहून गंभीर होता. “आपल्या उसात एवढं बिबटं निपजत्यात. त्यांतल्या एकाला बी काम दिलं न्हाई. ह्यो लांडगा कुठला, कुणाचा?”

“काकू, बिबट्या पुनवेला माणूस व्हत न्हाई,” रुपेश म्हणाला.

“इचारलंस का त्याला?”

त्यांच्यामागच्या अकरा जणांनी हेच मत नोंदवलं आणि संध्याकाळपर्यंत ठराव झाला, की नायकाची भूमिका स्थानिक प्राण्यासाठी राखीव असावी. ठरावाची प्रत शेजारच्या निमगाव सावा ग्रामपंचायतीला पाठवली. त्यांनी उलट टपाली कळवलं, की आमचा बिबट्या तुमच्याहून सीनियर आहे. ग्रामसेवकांनी वेगळीच अडचण काढली. हा इसम एकोणतीस दिवस ग्रामस्थ आणि एक दिवस वन्यप्राणी, तर ऐन पौर्णिमेला विवाह नोंदणी आली तर त्याची सही घ्यायची की पंजा?

गुरुजींची समीक्षा चार पानी होती. तिची दोन पानं त्यांनी गेल्या वर्षी दुसऱ्याच सिनेमावर लिहिलेली होती, पण दोष तेच असल्यामुळे चालून गेली. रुपेशला त्यांनी एकच विचारलं, की सिनेमा किती वेळाचा आहे. “दोन तास दहा मिनिटं,” रुपेश म्हणाला. गुरुजींनी लिहिलं, अनावश्यक लांबला आहे.

रुपेश रोज सकाळी लॅपटॉप छातीशी धरून केंद्रावर उभा राही. “दादा, पंधरा मिनटं बगा तरी.” त्याचे डोळे जागरणाने सुजलेले असत. मला वाईट वाटे, पण सचिवाने तटस्थ राहायचं असतं.

तिसऱ्या दिवशी जानकाबाई किटली घेऊन आली. तिच्याकडे इन्व्हर्टर आहे, म्हणून रुपेशने सगळा सिनेमा तिच्याच पडवीत बसून जोडला होता. शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता तिने तो तीनदा पाहिला होता.

“लिव्ह, सहा फॅट,” ती म्हणाली.

“काकी, सिनेमा गाईत धरलाय. सहा बसायचं न्हाई.”

“मंग बसंल तेवढं लिव्ह. शेवटाला समदं गाव काठ्या घिऊन निघतं. ती पोरगी दार सताड उगडं ठिवती आन् ताट वाढून बसती. त्यो लांडगा गपगार येतो आन् जेवाया बसतो. तिन्ही येळंला रडले मी.”

पप्पूने हातातला कॅन खाली ठेवला. “मंग पुढं काय व्हतं?”

“बगा की,” जानकाबाई म्हणाली.

तेवढ्यात गुरुजींनी घसा खाकरला. “सचिव, माझी हरकत आहे. या बाईंनी सिनेमा पाहिला आहे.”

सगळे जानकाबाईकडे पाहू लागले.

“म्हणजे त्यांचं मत सिनेमाच्या प्रभावाखाली आहे. ते निष्पक्ष कसं मानायचं?”

मुद्दा बिनतोड होता. मी तिचं नाव खोडलं आणि पुढे लिहिलं, सिनेमा पाहिल्यामुळे अपात्र.

जानकाबाईने किटली माझ्यापुढे ठेवली. “दादाभाऊ, माझं दूध मशिनीत घातल्याबिगर तू एक आकडा लिवत न्हाईस.”

“दुधाची गोष्ट येगळी, काकी. दुधात लोकांच्या पोटाचा प्रश्न असतो.”

तिने रुपेशकडे पाहिलं आणि किटली उचलून परत नेली. एकोणीस वर्षांत तिने पहिल्यांदाच दूध घातलं नाही.

सरासरी दोन पॉइंट एक निघाली. सिनेमा परत गेला. शनिवारी समाजमंदिराला कुलूप होतं आणि सोमवारी सकाळी रुपेश डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढला. त्यानंतर भागुजी दूध घालायला आला.

“पडला म्हणं पोराचा पिक्चर. मी शनवारी म्होरंच बसणार व्हतो. धुवट सदरा काढून ठिवला व्हता.”

मला त्याच्याकडे बघवेना. त्या दिवशी त्याच्या दुधाला मी मशीनपेक्षा दोन पॉइंट जास्त लावले. ही गोष्ट समितीला कळवलेली नाही.

नियमात अपिलाची सोय आहे. गावाबाहेरचे शंभर अभिप्राय आले, तर फेरविचार होऊ शकतो. आपण इथवर वाचलं आहे, तेव्हा ‘पुनवेचा पावणा’ कसा असेल, याबद्दल आपलं मत तयार झालंच असेल. ते फॅटमध्ये लिहून खाली सही करावी. सिनेमा पाहिलेला नाही, हे वेगळं लिहायची गरज नाही.