गाडी गार ठेवनी शे

सकाळची पहिली किक बसली की चुडामण आबांची मोटारसायकल अशी खडखडायची, जणू इंजिनात कोणी मूठभर गोटे टाकून ठेवलेत. थोड्या वेळात इंजिन तापलं की आवाज गप्प. आबांच्या गावाहून धरणगावला योगेंद्रच्या गॅरेजपर्यंत जाईतो गाडी तापून शहाणी झालेली असायची.

योगेंद्र इंजिनाला कान लावायचा आणि मान हलवायचा. "आबा, शिलाई मशीनसारखी चालतेय. घरी जा."

एकदा आबांनी गाडी मुक्कामाला त्याच्याकडेच ठेवली. सकाळी जाऊन पाहतात तर योगेंद्र त्याच गाडीवर दूध घेऊन परत येत होता.

"गार होती ना? मग आवाज?" आबांनी विचारलं.

"कानटोपी घातली होती आबा. थंडी किती पडलीय."

आबांचा मुलगा दीपक जळगावला पाइपांच्या कंपनीत होता. सुटीला घरी आला, की आबा त्याला आवाजाची कहाणी सांगत. शेवटी तो कंटाळला.

"आबा, आवाज गाडीमा नही, तुमना कानमा शे. या रविवारी योगेंद्रनी तो आवाज ऐका तर ठीक. नही तर चावी मी ठेवी लिसू. ज्याना कान गयात, त्यानी गाडी चालाडानी नही."

गाडी होती म्हणून आबा नाल्यापलीकडच्या शेतात जात, बाजाराला जात, मनात आलं तर बहिणीकडे एरंडोलला जात. गाडी गेली की उरला ओटा. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कथा चालना?" म्हणत कुठे निघाला ते विचारायचं आणि उत्तर यायच्या आत तो माणूस पुढे गेलेला पाहायचा.

रविवारी त्यांनी ठरवलं, गाडी चालूच करायची नाही. लोटत न्यायची. गारच्या गार योगेंद्रपुढे उभी करायची.

गाव सुटलं आणि दुधाच्या बरण्या घेऊन येणारा अभिमन थांबला.

"आबा, पेट्रोल सरनं का?"

"नही."

"मंग बिघडनी?"

"नही रे, चांगली शे."

"मंग लोटी काबर राहिनात?"

"गाडी गार ठेवनी शे."

अभिमनने आबांकडे पाहिलं. रस्ता दवाने ओला होता आणि त्याचे स्वतःचे दात थंडीने वाजत होते. "मंग सावलीमा चाला आबा," तो हळूच म्हणाला. वळणापलीकडे जाऊन त्याने पहिला फोन दीपकला केला.

धापा टाकत आबा चढावाला लागले. मागून झुलालचा ट्रॅक्टर आला. म्हातारा माणूस गाडी लोटतोय आणि आपण बसून पाहतोय, हे झुलालला जमणारं नव्हतं. ट्रॅक्टर तसाच धडधडत ठेवून त्याने खाली उडी मारली.

"सरका आबा."

"झुलाल, हात नको लावू—"

पण झुलालची किक बसली होती. ट्रॅक्टरच्या धडधडीत गाडी काय बोलली, ते देवालाही ऐकू गेलं नसेल. झुलालने अॅक्सिलरेटर चांगला पिळून पिळून इंजिन तापवलं.

"ल्या आबा. कारबोरेटरमा कचरा व्हता," असं म्हणून पुण्य कमावल्याच्या तोंडाने तो निघून गेला.

आबांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. वैऱ्याने इतकं नुकसान केलं नसतं. त्यांनी गाडी बंद केली आणि गव्हाच्या शेताच्या कडेला उभी केली. पाटाच्या पाण्यात खांद्यावरचा रुमाल भिजवून, पिळून, ते इंजिनावर घड्या ठेवायला लागले. ऊन चढू लागलं तसे गाडीला सावली पडेल असे उभे राहिले.

तेवढ्यात गावाकडून दीपक आला. धरणगावकडून योगेंद्र आला; आबा दिसले तर धरून ठेव, असं दीपकने त्याला फोनवर सांगितलं होतं.

"आबा, काय करी राहिनात?" दीपकने विचारलं.

"ताप उतारी राहिनू," आबा म्हणाले.

दीपकने योगेंद्रकडे पाहिलं. योगेंद्रने खाली पाहिलं. मग म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं म्हणून त्याने रुमाल बाजूला केला आणि किक मारली.

खडखडखडखड.

गव्हातले बगळे उडाले. योगेंद्र इंजिनाजवळ उकिडवा बसला. "पिस्टन आपटतोय. सिलिंडरमध्ये जागा पडलीय. गार असला की खडखडतो, तापला की फुगून बसतो. आबा, तुमचं खरं होतं."

आबांनी छाती भरून श्वास घेतला. किती दिवसांनी कोणी हे वाक्य त्यांना म्हटलं होतं.

"अशीच चालाडी तर?" दीपकने विचारलं.

"एखाद्या दिवशी इंजिन जाम होईल. उतारावर झालं तर आबा पुढे आणि गाडी मागे."

"दुरुस्त व्हई ना?" आबांनी घाईने विचारलं.

"या गाडीचं सामान आता येत नाही, आबा."

दीपकने हात पुढे केला. "आबा, मी चुकनू. तुमना कान मन्हापेक्षा चांगला शेतस. द्या चावी, उद्याच भंगारमा दी टाकसू."

गाडी अजून खडखडतच होती. आबा वाकले, इंजिनाला कान लावला, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि सरळ झाले.

"कसाना आवाज?" ते म्हणाले. "माले तर काहीच ऐकू येत नही."