गुल्हानेकाकांचं ऊन

आमच्या गल्लीत सकाळी लोक एकमेकांना नळ आला का, पेपर आला का असं विचारतात. गुल्हानेकाका विचारतात, "ऊन आलं काय जी?" तेही माझं उत्तर येण्याच्या आत फाटक उघडून. एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात छत्री, खांद्यावर मलमलचा तुकडा. माझ्या हातात तेव्हा जेमतेम चहाचा कप असतो आणि डोळ्यांत झोप. ऊन आलं की नाही हे मला काय ठाऊक? मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून सूर्याची जबाबदारी माझ्यावर आहे, असं काकांचं मत आहे.

सिंदी मेघेत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. अंगणांच्या मधे कमरेएवढं कुंपण आणि त्यात एक छोटं फाटक. काकांच्या पूर्वेला तीन मजली इमारत उभी राहिली आणि त्यांचं सकाळचं ऊन गेलं. आता त्यांच्या दारात ऊन येतं ते दहा वाजता, आणि आमच्याकडचं दहाचं ऊन म्हणजे काय चीज असते हे वर्धेकरांना सांगायला नको. माझ्या अंगणात मात्र ते सव्वासातलाच हजर होतं. त्यामुळे काकाही सव्वासातला हजर होतात.

काकांची सगळी हयात बाजारातल्या कापडाच्या गादीवर गेली. आता दुकान पुतण्या पाहतो. पण काका गादीवर होते तोवर ट्यूबलाइटखाली एकही साडी विकली गेली नाही. गिऱ्हाईकाने साडी पसंत केली की हे गादीवरून उठायचे, साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचे आणि पदर उन्हात धरायचे. "ट्यूबलाइट खोटं बोलते बाई. आता पाहा, हा खरा रंग." एकदा आभाळ भरून आलं होतं आणि नवरीकडची मंडळी शालू घ्यायला आली. काका म्हणाले, "आज ऊन नाई. उद्या येजा." मंडळी शेजारच्या दुकानात गेली. काकांना त्याचं काही वाटलं नाही. नवरीला फसवल्याचं पाप शेजाऱ्याच्या माथी गेलं, एवढंच त्यांनी घरी येऊन सांगितलं.

हे मला शकूकाकूंनी सांगितलं. शकूकाकू म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. मागच्या वर्षी त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सेवाग्रामला ऑपरेशन झालं, हाड छान जुळलं, डॉक्टरांनी वॉकर दिला आणि "आता चाला" म्हणून सांगितलं. पण काकू चालेनात. खोली ते न्हाणीघर, न्हाणीघर ते खोली, बस. महिने उलटले तरी त्यांनी घराचा उंबरा काही ओलांडला नाही. त्यांनी उठायचं म्हटलं की काका धावत यायचे, "थांब, थांब, मी हाय ना!" आणि पाणी, औषध, चष्मा, सगळं पलंगावर पोचवायचे.

काकूंना सोबत म्हणून काकांनी दोन पाखरं आणली. लव्हबर्ड म्हणून विकतात ते छोटे पोपट. निळ्याचं नाव चिंतामणी आणि पिवळीचं हळदी. दोन्ही नावं साड्यांच्या रंगांवरून. पाखरांना नुसतं निळं-पिवळं म्हणणं काकांना अडाणीपणाचं वाटतं. पिंजरा काकूंच्या पलंगाशेजारी, दुपारचं ऊन येणाऱ्या मोठ्या खिडकीत टांगला गेला. पाखरं चिवचिवली, काकू हसल्या, आणि काकांना घोर लागला.

घोर रंगाचा. "उनानं रंग उडते मॅडम," ते मला समजावून सांगत होते. "शोकेसातल्या साडीची घडी उलगडून पाहा. वरचा पट्टा पांढराफट." मग त्यांनी दुकानाच्या शोकेसला लावतात तसली काळी फिल्म आणली आणि खिडकीच्या काचांवर स्वतःच्या हाताने चिकटवली. एकही बुडबुडा राहू दिला नाही. पाखरांचा रंग टिकला. खोलीत मात्र भरदुपारी तिन्हीसांजा झाल्या, आणि त्या तिन्हीसांजांत दोन पाखरं आणि शकूकाकू राहू लागल्या.

दोन-तीन महिन्यांत हळदी पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसायला लागली. दाण्याला तोंड लावेना, दांडीवर पाय ठरेना. आणि इकडे काकूंचं ताट भरलेलं परत यायला लागलं. "ते पाखरू उपाशी हाय, तं मले काऊन भरवता?" असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करायच्या. एका दुपारी काका माझ्याकडे आले. चप्पल घालायचंही भान नव्हतं. म्हणाले, "मॅडम, पाखरू गेलं, तं तुमची काकू बी..."

मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यावर मलमल. डॉक्टर तरुण मुलगी होती. खायला काय देता, पिंजरा कुठे ठेवता, ऊन मिळतं का, असं एकेक विचारत गेली. काकांनी फिल्मची हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, पाखराच्या हाडांना जे ऊन लागतं ना, ते साध्या काचेतूनसुद्धा नीट येत नाही. तुम्ही तर वरून फिल्म लावली. नुसते दाणे आणि अंधार. हाडं ठिसूळ होणार नाहीत तर काय?"

मग तिने सगळं बैजवार सांगितलं. रोज सकाळचं कोवळं ऊन, उघड्यावर, काचेआडून नाही. अर्धा पिंजरा सावलीत हवा, म्हणजे तापलं की पाखराला सरकता येतं. एकटं सोडायचं नाही, मांजर असतं. ज्या दिवशी ऊन नाही त्या दिवशी पक्ष्यांसाठी मिळतो तो दिवा, हातभर अंतरावरून. आणि रात्री पूर्ण अंधार. दाण्यासोबत थोडा हिरवा पाला.

"रंग उडणार नाई ना?" काकांनी विचारलं.

"पक्षी आहे काका, साडी नाही."

मी खदखदून हसले. काका हसले नाहीत. परतताना अर्ध्या रस्त्यात मागून आवाज आला, "शोकेसात ठेवलं होतं मी तिले." मला वाटलं, हळदीबद्दल बोलताहेत.

त्याच संध्याकाळी त्यांनी ब्लेडने काचा खरवडल्या आणि दुसऱ्या दिवशीपासून माझी झोप संपली. स्टुलावर पिंजरा, अर्ध्यावर छत्री, आणि शेजारी काका पिंजऱ्याच्या तारांना हात लावून ऊब पाहत उभे. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कुणी चादर वाळत घातली की खालून हाक जायची, "वहिनी, चादर हटवा जी, माहं ऊन अडून राह्यलं!" मग तो दिवा आला. पहिल्या दिवशी काकांनी त्याच्या उजेडात काकूंची पैठणी धरून पाहिली आणि निकाल दिला, "ट्यूबलाइटपेक्षा बरा हाय. पण जांभळा रंग लपवते." संध्याकाळी सात वाजता पिंजऱ्यावर मलमल पडायची आणि घरात टीव्ही मुका व्हायचा. काकू मालिकेतल्या सासूचे नुसते ओठ पाहायच्या आणि कपाळाला हात लावायच्या.

काही आठवड्यांनी काका कुंपणावरून ओरडले, "खाल्लं! मेथीचं पान खाल्लं!" मीही चहा सोडून धावले. हळदी पान फाडत होती आणि मधूनच चिंतामणीला टोचत होती. काकू पुन्हा जेवायला लागल्या. मला वाटलं, झालं, सुटलो.

दिवाळीनंतरच्या एका थंड सकाळी काका आले. पिंजरा स्टुलावर ठेवला, छत्री मात्र मिटून स्टुलाला टेकवली, आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात घुसले. "मॅडम, मी इथं नाई," ते कुजबुजले. "मी दुकानात गेलतो."

"दुकान दहाला उघडतं काका."

"तिले सांगतलं, आज लवकर जाणं हाय. पाखराजवळ तू बसजो." ते खिडकीच्या कडेला भिंतीला चिकटून उभे राहिले. "मी दिसलो तं तुमची काकू पलंगावरून उठत नाई. आन् उठली, तं मले राहवत नाई, मी धरतोच. डॉक्टरनं चाल म्हटलं होतं, मॅडम. मीच बसवलं तिले."

मी गॅस बारीक केला.

पलीकडच्या खिडकीतून काकूंची हाक आली, "अवो! गेले काय? पाखरू सारं उनात हाय!" कुणी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली. हळदी चिवचिवली. मग वॉकरचा ठोका ऐकू आला. एक, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा.

काकू दारात आल्या. दोन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय लटपटला आणि काकांच्या तोंडून "अगं—" निघालं. त्यांनी स्वतःच्या हाताने तोंड दाबलं आणि दुसऱ्या हाताने माझा ओटा घट्ट धरला. काकू सावरल्या, दुसरी पायरी उतरल्या, फाटकातून माझ्या अंगणात आल्या. छत्री उघडून अर्ध्या पिंजऱ्यावर टेकवली. "कसा माणूस हाय, सावली बी नाई केली," असं पाखरांना म्हणाल्या. मग शेजारच्या खुर्चीवर हळूच बसल्या, डोळे मिटले आणि तोंड उन्हाकडे केलं.

मी हाक मारायला खिडकीशी गेले, तर काकांनी माझी बाही ओढली. त्यांचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"थांबा जी मॅडम," ते म्हणाले. "बसू द्या तिले थोडं."