यादोरावांचे समतल कुंपण

देवरीजवळच्या एका गावी, यादोरावांच्या घरामागील उतारावर, मनकर्णाबाईंची वांग्यांची वाडी होती; आणि शेजारच्या बकारामच्या शेळ्या ती नित्यनेमाने उपभोगीत असत. संतप्त गृहिणीने अखेर पतीस बजावले, "या साली माह्या वांग्याले बकरीचं तोंड लागलं, त तुमाले वांग्याची भाजी सपनातच दिसन!"

यादोराव कुंपण घालू लागले. त्यांच्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या गावतलाव बांधले होते; वाकडी रेघ हे त्या घराण्यात पातकच. पाणी भरलेली नळी धरून त्यांनी रोवलेल्या सर्व लाकडी बल्ल्यांची डोकी एका पातळीत आणली आणि त्यांना सारख्या उंचीच्या बांबूच्या तट्ट्या बांधल्या. कुंपणाची वरची कड तलावाच्या पाण्यासारखी निश्चल दिसू लागली. मात्र जमीन उतरत गेली होती, कुंपण उतरले नव्हते. खालच्या टोकाला तट्टीखालून शेळी मान न वाकवताही आत शिरे.

"अहो, जमीन उतरते तसं कुंपनबी उतरवा ना!"

"कायले? आमच्या घरान्यात वाकडं काम होत नाई. चूक जमिनीची हाय!"

बकारामने भर घातली, "भाऊ, कुंपन लय देखनं हाय. बकऱ्या खालून जाता जाता वर पायतच रायते."

या अपमानाने क्षुब्ध होऊन यादोरावांनी तट्ट्यांखालची सारी फट मातीने बुजवली. हात पूर्वजांचेच होते. थरावर थर पडले, पाणी शिंपडले गेले, धुमसाने माती ठोकली गेली. मुंगीलाही वाट उरली नाही.

"आता येऊ दे बकऱ्या!"

शेळ्या आल्या नाहीत. आषाढाची झड आली. उतारावरचे सारे पाणी वाडीत उतरले आणि त्या अभेद्य बांधाशी विनम्रपणे थांबले. सकाळी वांग्यांचे केवळ शेंडे दिसत होते.

"पाय, एक थेंब तरी बाहीर गेला का?" यादोराव म्हणाले खरे, पण आवाज जरा खालीच होता.

मनकर्णाबाई कमरेवर हात ठेवून बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. त्यांचे माहेरही तलाव बांधणाऱ्यांचेच. परतल्या तेव्हा मुद्रा क्रोधाने आरक्त झाली होती. यादोरावांनी वांग्यांवरून स्वतःचा उद्धार ऐकण्याची मनोमन सिद्धता केली.

"वांगे गेले खड्ड्यात!" त्या कडाडल्या. "एवढा बांध घातला, न् जास्तीचं पानी जायाले सांडवा काऊन नाई ठेवला? माह्या भावानं पायलं त मी तोंड कुटी लपवू?"

यादोरावांनी निमूटपणे फावडे उचलले आणि विचारले, "कोनत्या अंगानं काढू?"