साहेबांच्या पोटात स्वयंपाकघर

“फोटोग्राफर आजारी पडला? उत्तम झालं!” भिंगराव कॅन्टीनमध्ये इतक्या जोरात म्हणाले, की टाइपिस्टबाईंचा चहा बशीत हिंदकळला. “नव्या भट्टीच्या उद्घाटनाचे फोटो मी काढतो. असे काढतो, की साहेबांच्या कोटाचा धागा न् धागा मोजून घ्या!”

भिंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाटल्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. काचेत मुंगीच्या डोळ्याएवढा बुडबुडा असला तरी लांबून ओळखत, म्हणून हे नाव चिकटलं. त्यांच्याकडे एक जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता. धातूचा, वजनदार. गळ्यात घातला की माणूस वाकायचा, आणि भिंगराव त्याच्याबद्दल बोलायला लागले की ऐकणारा वाकायचा!

बायको मात्र दुसऱ्या गावी. ती तिथल्या इस्पितळात नर्स. भिंगरावांची बदली झाली, तिची होईना. घर तिच्याकडे राहिलं आणि भिंगराव इकडे एका खोलीत, स्टोव्हशी भांडत. परत तिकडे जाण्यासाठी त्यांनी केलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर कधीचा झोपला होता. फोटो बघून साहेब खूश झाले, की तिथल्या तिथे सही! असा साधा सरळ बेत होता.

दर रविवारी ते बायकोला फोन करत. ‘तुझी आठवण येते’ हे वाक्य काही त्यांच्या तोंडून फुटत नसे. मग ते कॅमेऱ्याबद्दल बोलत.

“अगं, तुझ्या त्या साबणाच्या डबीत काय आहे? बघायचं आणि दाबायचं!” तिच्या छोट्या कॉम्पॅक्टला ते साबणाची डबी म्हणायचे. “माझ्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं की माणूस दोनदा दिसतो. मग लेन्सचं कडं फिरवायचं. हळूहळू दोन्ही एकमेकांवर येऊन बसले, की फोटो रेखीव!”

“नुसतं कडं फिरवलं की एकत्र येतात?” ती म्हणाली. “बरं आहे बाई त्यांचं.”

भिंगराव लेन्सच्या काचेकडे वळले. ती मध्येच सांगत होती, रोल पाठवतेय, काढून झालाय, तेवढा तिकडे धुऊन घ्या. भिंगराव तेव्हा काचेच्या गुणांवर होते. त्यांच्या कानात शिरलं ते फक्त ‘रोल पाठवतेय’!

रोल आला. कापसात गुंडाळलेला, फिल्मची जीभ बाहेर. भिंगरावांना गहिवरून आलं. आपण हिच्या कॅमेऱ्याला नावं ठेवतो आणि ही आपल्यासाठी नवा कोरा रोल पाठवते! आता खरी गोष्ट अशी, की काढून झालेला रोल मागे गुंडाळताना बायकोने कॅमेऱ्याची मूठ हलकी लागताच फिरवायची थांबवली होती, म्हणून नव्या रोलसारखी ती जीभ बाहेर राहिली होती. पण काचेतला बुडबुडा ओळखणाऱ्या डोळ्यांना हे कुठलं दिसायला?

उद्घाटनाच्या दिवशी भिंगरावांच्या अंगात सेनापती संचारला.

“साहेब, हनुवटी खाली! अजून! आता श्वास सोडू नका!”

कडं फिरेपर्यंत साहेब वांग्यासारखे जांभळे झाले. उरलेल्या रोलवर भिंगरावांनी घरी खिडकीपाशी उभं राहून, टायमर लावून, इस्त्रीच्या शर्टात, मिशा विंचरून स्वतःचे फोटो काढले. तिला पाठवायला.

“एकदा बघून तर घ्या,” स्टुडिओवाला म्हणाला.

“बघायचं काय त्यात? फोटो मी काढलेत! साहेबांचे थेट त्यांच्या बंगल्यावर पाठवून द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनमधून बोलावणं आलं. भिंगराव पेन घेऊनच गेले, सहीला अडायला नको म्हणून!

साहेबांनी एक फोटो पुढे सरकवला. “ही बाई कोण?”

भिंगराव वाकले. मध्यभागी साहेब, हातात कात्री. त्यांच्या काळ्या कोटावर, बरोबर पोटाच्या जागी, एक बाई खुर्चीत बसलेली.

“माझी बायको, साहेब.”

“माझ्या पोटात काय करतेय?”

“चहा पितेय, साहेब.”

“आणि माझ्या डोक्यावर?”

“बोका आहे. शेजाऱ्यांचा. तो बसतो तसा कुठेही.”

“हे फोटो आधी माझ्या बायकोने बघितले!” साहेबांचा आवाज फाटला. “रात्रभर ती मला एकच विचारतेय, ही घरातल्या गाउनमधली बाई कोण? मी काय सांगू? तपासनिसाची आहे म्हणून?”

भिंगरावांना खरं तर हात जोडायला हवे होते. पण ते एकामागून एक फोटो बघतच राहिले. तिने काढलेल्या फोटोंवरच त्यांचे फोटो उमटले होते. साहेबांच्या खांद्यापलीकडे स्वयंपाकघराला नवे पडदे लागले होते. मॅनेजरांच्या छातीवर तो गळका नळ होता, दुरुस्त झालेला. भट्टीच्या दारात भिंगरावांची स्वतःची घरची खुर्ची होती आणि तिच्यावर धुतलेल्या चादरींची चळत. ती स्वतः दिसते ते एखाददुसरे फोटो शेजारणीकडून काढून घेतलेले, बाकी सगळे तिने साबणाच्या डबीतून स्वतः काढलेले. त्यांना दाखवायला.

“पडदे निळे घेतलेन्,” ते हळूच म्हणाले.

“काय?”

“काही नाही साहेब. चुकलं माझं.”

साहेबांनी फोटो पालथे घातले. “आधी बंगल्यावर जा आणि माझ्या बायकोला हे सगळं समजावून सांगा. अर्जाचं पुढच्या वर्षी बघू. आणि कॅमेरा फाटकाच्या आत दिसला, तर भट्टीत टाकेन!”

बंगल्यावर जाऊन भिंगरावांनी लग्नाचा फोटो दाखवला, तेव्हा कुठे बाईसाहेब निवळल्या. संध्याकाळी स्टुडिओतून उरलेले फोटो घेऊन, रविवार नसतानाही, त्यांनी फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे ती हसून हसून खोकायला लागली.

“आणि सही?”

“पुढच्या वर्षी.”

हसू थांबलं.

“अगं, पण एक फोटो फार छान आलाय,” भिंगराव घाईने म्हणाले. “आपल्या दोघांचा. तू दारात उभी आहेस आणि मी खिडकीपाशी. अगदी एकमेकांवर बसलोय. किती दिवसांनी आपला एकत्र फोटो!”

“खरंच? कशी दिसतेय मी?”

भिंगरावांनी फोटो दिव्याजवळ नेला. तपासनिसाला खोटं बोलता येत नाही.

“तू छान दिसतेयस,” ते म्हणाले. “फक्त... तुला मिशा आल्यात.”