खोंडामागे रोज एक ऐंशी

मंगळवारी अकरा वाजता गोठ्यावर बारा माणसं येणार होती आणि मॅलकी फीनी पहाटेपासून हिशेबाचा कागद घेऊन बसला होता. रॉसकॉमन परगण्यातल्या खोंडं पोसणाऱ्या शेतकऱ्यांचा गट दर महिन्याला एकेकाच्या गोठ्यावर जमायचा. विकायच्या आधीचे शंभर दिवस खोंडांना गोठ्यात ठेवून पुष्ट करायचं, तर एका खोंडामागे रोज किती युरो जातात, तो आकडा यजमानाने सगळ्यांदेखत सांगायचा. गेल्या हिवाळ्यात बिचाऱ्या फिनबारने खरं सांगितलं, "तीन चाळीस." तेव्हापासून त्याला कुणी फिनबार म्हणतच नाही, तीन-चाळीस म्हणतात. परवा तर खुद्द पाद्रीबाबा चर्चच्या दारात त्याला म्हणाले, "काय तीन-चाळीस, गुडघा कसा आहे?"

मॅलकीचा आकडा तीन पंचेचाळीस येत होता. त्याने चार वेळा बेरीज केली आणि मेला आकडा चारही वेळा तेवढाच आला.

"मुरघास हिशेबात धरायचाच कशाला?" तो बायकोला म्हणाला. "मुरवलेलं गवत आपलंच आहे."

"गवत आपलं," अट्रॅक्टा पाव कापता कापता म्हणाली. "आणि कापणाऱ्याचं बिल कुणाचं?"

"पेंढा तर तुझ्या भावाने दिला."

"दिला? रविवारी पैसे मागत होता तो!"

मॅलकीने मुरघास खोडला. पेंढा खोडला. मग हात सैल सुटला तसं डिझेल, वीज, औषधं सगळंच खोडलं. खाली उरला नुसता खुराक, एक ऐंशी.

"मॅलकी, हे अंगाशी येईल बरं का."

"आकडाच आहे गं. आकडा काय चावतो?"

अकरा वाजता गटाची सल्लागार ग्रॉन्या हिने फळ्यावर १.८० लिहिलं आणि गोठ्यातल्या सगळ्या माना वर झाल्या. मॅलकीला क्षणभर फार बरं वाटलं. तेवढ्यात मागून इग्नेशियस गॉर्मली पुढे आला. हा माणूस नुसता खोकला तरी खोंडं दोन पावलं मागे सरायची. फिनबारचं 'तीन-चाळीस' असं बारसंही त्यानेच केलं होतं, कारण त्याचा स्वतःचा आकडा होता एक पंच्याण्णव.

"एक ऐंशी?" गॉर्मली म्हणाला. "मग गड्या, माझीही तीस खोंडं पोसायला घे. रोजचे दोन युरो देतो एकेकामागे. तुला वीस सेंट सुटतील आणि माझ्या डोक्याचा ताप जाईल. शनिवारी पाठवतो."

आणि तळहातावर थुंकून त्याने हात पुढे केला.

तिकडे कागदावरची सही एक वेळ मोडते, पण चारचौघांत थुंकून मिळवलेला हात मोडत नाही. मोडणाऱ्याला जनावरांच्या बाजारात पुढे कुणी उभं करत नाही. बारा जण बघत होते. मॅलकीच्या तोंडात थुंकायलासुद्धा काही नव्हतं, तरी त्याने हात दिला.

"एका खोंडामागे रोज एक पंचेचाळीसची खोट," अट्रॅक्टाने त्याच कागदाच्या पाठीवर मांडलं. "तीस खोंडं, शंभर दिवस. चार हजार तीनशे पन्नास युरो! अरे, नाही म्हणायला काय झालं होतं?"

"सगळे बघत होते ना."

"आता बँकवाला बघेल. जा, गॉर्मलीला खरं सांगून ये."

बुधवारी मॅलकी गेलाच नाही. गुरुवारी पुलापर्यंत गेला आणि परत आला. शुक्रवारी दुपारी गॉर्मलीच्या फाटकात पोचला. अंगणात गॉर्मली उभा होता. मॅलकीला बघताच त्याने त्याचं बखोट धरलं आणि त्याला ओढत मुरघासाच्या ढिगामागे नेलं. आता हा आपल्याला इथेच गाडतो, असं मॅलकीला वाटलं.

"इग्नेशियस, ऐक, मारू नकोस! माझा आकडा खोटा आहे. तीन पंचेचाळीस येतात मला!"

गॉर्मलीचा चेहरा पांढराफटक पडला. "हळू बोल मेल्या, बायको ऐकेल. मला तीन साठ येतात. तिला एक पंच्याण्णव सांगितलेत! हिशेब मागायला लागली, म्हणून तर खोंडं तुझ्या गळ्यात घालत होतो."

दोघांनीही ढिगाआडून घराच्या दाराकडे डोकावून पाहिलं. मग गॉर्मलीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांब. माझ्यापेक्षा पंधरा सेंट कमी? कसे रे? खुराक कुणाचा घेतोस?"

त्याच्या आवाजात चक्क हेवा होता. मॅलकीची छाती नकळत फुगली. पाच मिनिटांत नवा सौदा झाला: खोंडं शनिवारीच जायची, पण दोघांतल्या दोघांत तीन पंचेचाळीसने. गॉर्मलीचे रोज पंधरा सेंट वाचणार होते आणि मॅलकीची खोट टळली होती. पुन्हा थुंकून हात मिळाले. या खेपेला मॅलकीच्या तोंडाला भरपूर पाणी सुटलं होतं.

तो शीळ घालत घरी आला. "सुटलो गं! तीन पंचेचाळीसला ठरलं. आपला एक सेंट जात नाही."

अट्रॅक्टाने मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, "तीस खोंडांना दोन्ही वेळा खायला कोण घालणार?"

"मी."

"पेंढा कोण पसरणार? आजारी पडलं तर रात्रभर कोण बसणार?"

"मीच की. दुसरं कोण?"

"मग तुझी मजुरी या तीन पंचेचाळीसमध्ये कुठे आहे?"

मॅलकीने कागद हातात घेतला. वरून खाली वाचला, उलटून वाचला. सव्वीस वर्षं तो खोंडं पोसत होता, पण स्वतःची मजुरी त्याने कधी धरलीच नव्हती. अट्रॅक्टाने पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

"धर आता हिशेबात."

त्याने पेन्सिलीला हात लावला नाही. गॉर्मलीपुढेसुद्धा त्याचा आवाज एवढा बारीक झाला नव्हता.

"नको गं. आकड्याची खरंच भीती वाटते."

अट्रॅक्टाने पेन्सिल उचलून खिशात टाकली.

"बरं, मग माझीही मजुरी राहू दे," ती म्हणाली आणि गोठ्यात जायचे बूट शोधायला लागली.